एकाच ऐरणीवरचे लोखंड

मराठी मुलखात 'गड' हा शब्द उच्चारला की तट, बुरूज आणि तोफा डोळ्यांपुढे उभ्या राहतात. बीड जिल्ह्यात मात्र या शब्दाला आणखी एक अर्थ आहे. नारायणगड, भगवानगड, गहिनीनाथगड ही नावे किल्ल्यांची नसून संतपरंपरेतील संस्थानांची आहेत. नगद नारायण महाराजांच्या नारायणगडास भाविक 'धाकटी पंढरी' म्हणतात. या गडावर तोफ नाही, टाळ-मृदंग आहे. परंतु गडाच्या पंचक्रोशीतील घरांतून एक धारदार पाते हमखास आढळते. ते म्हणजे ऊसतोडीचा कोयता. ज्या लोखंडाचा आज कोयता होतो, त्याच लोखंडाची एके काळी आपल्या लोहारांच्या हातून तलवार होत असे, बंदूकही होत असे. त्या लोखंडाची हकिगत वाचकांपुढे ठेवण्याचा आमचा मानस आहे.

प्रारंभ पोलादापासून करू. दख्खनचे पोलाद जगप्रसिद्ध होते. नांदेडच्या सीमेपलीकडे, आजच्या तेलंगणात कोनसमुद्रम नावाचे गाव आहे. तेथील कारागीर मातीच्या मुशीत लोखंड घालून, तोंड लिंपून, ती मूस भट्टीत दीर्घकाळ तापवीत. कोळशाचा अंश लोखंडात मुरून त्याचे पोलाद होई. हे पोलाद खरेदी करण्यासाठी इराणचे व्यापारी कोनसमुद्रमपर्यंत येत. पश्चिम आशियातील ज्या तलवारींच्या पात्यांवर पाण्याच्या लहरींसारखी नक्षी दिसे आणि ज्यांना युरोपीय लोक 'दमास्कसचे पोलाद' म्हणत, त्यांतील कित्येकांचे मूळ द्रव्य दख्खनचे होते. सतराव्या शतकातील फ्रेंच रत्नव्यापारी ताव्हर्निये याने गोवळकोंडा राज्यातील पोलादाची मुद्दाम नोंद केली आहे.

पोलाद येथून बाहेर गेले, तशी पातीही बाहेरून येथे आली. पोर्तुगीजांच्या आगमनानंतर युरोपात घडलेली सरळ, लांब पाती दख्खनमध्ये मिळू लागली. मराठे ती पसंत करीत, त्यांवर आपल्या पद्धतीची मूठ बसवीत आणि त्या तलवारीस 'फिरंग' म्हणत. कोल्हापूर संस्थानाने १८७५-७६ च्या भारतभेटीत प्रिन्स ऑफ वेल्स यांना दिलेली आणि छत्रपती शिवाजी महाराजांची म्हणून नोंदलेली तलवार आज ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात आहे. तिचे पाते युरोपीय असून त्यावर 'आयएचएस' ही अक्षरे उमटवलेली आहेत. येशूच्या ग्रीक नावातील ही आद्याक्षरे आपण वेदीवर आणि पूजावस्त्रांवर नित्य पाहतो. पाते युरोपच्या भट्टीतले, मूठ मराठी कारागिराची. धातूच्या व्यवहारात धर्म आणि देश यांच्या सीमा फारशा आडव्या येत नसत, हे यावरून ध्यानात येते.

आता बंदुकीकडे वळू. अल्फोन्सो द अल्बुकर्क याने १५१० साली गोवा जिंकले, तेव्हा तेथे बंदुका घडवणारे कसबी लोहार आधीपासूनच होते. १५१३ साली त्याने पोर्तुगालच्या राजाकडे गोव्यात घडवलेली बंदूक पाठवली आणि येथील कारागीर बोहेमियाच्या कारागिरांच्या तोडीचे आहेत, असे कळवले. त्या काळी बोहेमिया हा बंदूकनिर्मितीत नावाजलेला प्रदेश होता. हे काम मोठ्या कारखान्यावाचून चालत असे. तोड्याच्या बंदुकीची नळी लोहार भट्टीत तापवून ऐरणीवर जोडी, दस्ता सुतार घडवी, पितळी काम तांबट करी. भाता, ऐरण, घण, सांडशी आणि कानस एवढ्या साहित्यावर, घराच्या ओसरीला लागून असलेल्या छपरात शस्त्रे तयार होत.

तोफेचे काम मात्र राजाश्रयानेच होई. बीडला लागून असलेल्या अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, १५४९ साली 'मुलूख-ए-मैदान' ही सुमारे ५५ टन वजनाची तोफ ओतली गेली. पुढे ती परांड्याच्या किल्ल्यात होती आणि तेथून विजापुरास गेली. आजही ती तेथील बुरुजावर आहे. तांबे व कथील यांच्या ज्या मिश्रणातून अशी तोफ होते, त्याच जातीच्या मिश्रणातून घंटाही होते. वसईच्या १७३९ च्या मोहिमेनंतर आपल्या चर्चांतील घंटा मराठी मुलखातील देवळांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या मंदिरातील प्रसिद्ध घंटा त्यांपैकीच मानली जाते. माणसांना प्रार्थनेस बोलावण्याचे तिचे काम तिथेही चालूच राहिले.

गावगाड्यात लोहार हा बारा बलुतेदारांपैकी एक. वर्षभर त्याने कुणब्याचा फाळ, कुळव, विळा पाजवून द्यावा आणि सुगीला बलुते न्यावे, असा रिवाज होता. शांततेच्या काळात जो नांगराचा फाळ घडवी, तोच धामधुमीच्या काळात भाल्याचे फळ घडवी. खंडेनवमीच्या दिवशी शस्त्रांच्या शेजारीच अवजारेही पूजेला मांडली जातात, त्यात या एकाच ऐरणीची आठवण आहे. घिसाडी आपला संसार गाड्यावर घालून गावोगाव फिरे. शिकलगार पात्याला धार आणि झिलई देई. शिकल करणारा तो शिकलगार, असे हे सार्थ नाव आहे. या समाजातील अनेक जण शीख धर्माशी जोडले गेले. नांदेडच्या तख्तावर दिवाळीच्या सुमारास गोदावरीचे पाणी आणून गुरूंची शस्त्रे आजही श्रद्धेने स्वच्छ केली जातात.

मग हा कारागीर रस्त्याच्या कडेला कसा आला? पहिला आघात कारखान्यांचा. महादजी शिंदे यांच्या फौजेसाठी अठराव्या शतकाच्या अखेरीस आग्र्यास सँगस्टर या स्कॉटिश माणसाच्या देखरेखीखाली तोफा आणि बंदुका तयार होत, तेव्हाच घरगुती भट्टीचे दिवस भरत आले होते. राज्ये बुडाली, फौजा मोडल्या आणि गिऱ्हाईकच उरले नाही. दुसरा आघात कायद्याचा. १८७८ च्या शस्त्र कायद्याने ब्रिटिश अमलातील प्रजेस परवान्यावाचून शस्त्र बाळगण्यास व घडवण्यास मनाई केली. त्यापूर्वी १८७१ मध्ये आलेल्या गुन्हेगार जमाती कायद्याने कित्येक भटक्या समाजांवर जन्मतःच संशयाचा शिक्का मारला. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, पण लोकांच्या मनांतील शिक्का पुसला गेला नाही. घिसाडी आणि शिकलगार ही दोन्ही नावे आज महाराष्ट्राच्या भटक्या जमातींच्या यादीत आहेत.

हुन्नर हातात आहे आणि मागणी नाही, अशा स्थितीत काहींची पावले आडमार्गाला लागली. १७६२ च्या सुमारास नवाब मीर कासीमने बिहारात मुंगेर येथे बंदुकांचा कारखाना काढला. त्याच मुंगेरचे नाव आज चोरट्या पिस्तुलांसाठी घेतले जाते. आपल्या जळगाव जिल्ह्याच्या सीमेवरील, मध्य प्रदेशातील उमर्टी या गावाचे नावही पोलिसांच्या कारवायांत वारंवार येते. सगळ्या समाजाला त्यासाठी दोषी धरणे हा अन्याय होईल. पिढीजात कसबाला प्रतिष्ठेचे काम मिळाले नाही म्हणजे काय घडते, याचे हे उदाहरण होय.

कोणी विचारील, केवळ छंद म्हणून घरी शस्त्र घडवले तर काय बिघडले? अमेरिकेत तसा छंद आहे. तेथे स्वतःपुरती बंदूक घडवण्यास केंद्रीय कायद्यानुसार सामान्यतः परवाना लागत नाही. विल्यम मोरान नावाच्या अमेरिकन कारागिराने १९७३ साली लहरींच्या नक्षीच्या सुऱ्या प्रदर्शनात मांडल्या आणि घरच्या भट्टीवर तशी पाती घडवण्याचा छंद तेथे वाढीस लागला. आपल्याकडील स्थिती वेगळी आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार बंदूक घडवणेच काय, तिची दुरुस्ती करण्यासही परवाना लागतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना निर्मितीस किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. पात्यांच्या बाबतीत नियम नऊ इंच लांबी आणि दोन इंच रुंदीची मर्यादा सांगतो. मात्र घर, शेती, विज्ञान आणि उद्योग यांसाठी घडवलेली पाती त्यातून वगळली आहेत. कायद्याने विळ्या-कोयत्याला मोकळे ठेवले, ही गोष्ट आम्हांस अर्थपूर्ण वाटते.

कारण बीड जिल्ह्याचे पोट कोयत्यावर चालते. दिवाळीच्या आगेमागे येथील हजारो कुटुंबे मुकादमाची उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायकोच्या जोडीला तेथे 'एक कोयता' म्हणून मोजतात. संप झाला की त्याचे नाव 'कोयता बंद'. माणसाची ओळख अवजारात इतकी विरघळून जावी, यातील वेदना वाचकांस सांगावयास नको. हा कोयता अनेकदा मोटारीच्या जुन्या पाट्यापासून होतो. लोहार तो तापवतो, ठोकतो, पाणी देतो. पाणी जास्त झाले तर पाते ठिसूळ होते, कमी झाले तर धार टिकत नाही. पात्याचा रंग पाहून ते ओळखण्याची विद्या पुस्तकात नसते. पाते फसले तर थंडीत उसाच्या फडात उभ्या असलेल्या बाईचा दिवस वाया जातो. लोहाराच्या हातावर एवढी मोठी जबाबदारी असते.

आणि याच कोयत्याने अलीकडे पुण्यात दहशत माजवली. 'कोयता गँग' हा शब्द वृत्तपत्रांत रूढ झाला. इकडे बीड जिल्ह्यात डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगच्या सरपंचांची निर्घृण हत्या झाली. त्यानंतर जिल्ह्यातील शस्त्रपरवान्यांची छाननी होऊन अनेक परवाने रद्द करण्यात आले. कमरेला पिस्तूल लावून छायाचित्र काढण्याची हौस तरुणांत शिरली आहे. ती आपल्या घरांतील मुलांपर्यंत पोहोचणारच नाही, असे समजून आईवडिलांनी स्वस्थ बसू नये.

मुलाला लोखंडाची ओढ असेल तर ती दडपू नये, असे आमचे मत आहे. त्याला आयटीआयमध्ये घालावे, गावच्या लोहाराकडे चार दिवस बसवावे, विळी, खुरपे, अडकित्ता घडवू द्यावा. हाताने घडवलेल्या वस्तूचा आनंद ज्याने अनुभवला, त्याला उसन्या पिस्तुलाच्या रुबाबाची भूल सहसा पडत नाही. लोहाराला भावात घासाघीस न करता दाम द्यावा आणि त्याच्या कसबाची माहिती त्याच्या हयातीतच लिहून ठेवावी.

पोप बारावे पायस यांनी १९५५ साली १ मे हा संत योसेफ कामगार यांचा सण म्हणून ठरवून दिला. त्या दिवशी धर्मग्रामांतून अवजारांना आशीर्वाद दिला जातो. त्या प्रसंगी गावच्या लोहारास, घिसाड्यास, शिकलगारास सन्मानाने बोलवावे आणि पहिला मान त्याच्या हातोड्यास द्यावा, एवढीच आमची वाचकांस विनंती आहे.