लांबीखालचा पत्रा

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लष्कराने कल्याणजवळच्या माळावर तळ उभारला. युद्ध संपलं, पलटणी गेल्या आणि बराकी रिकाम्या पडल्या. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे लाखभर निर्वासितांना सरकारने याच बराकींमध्ये जागा दिली. 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल सी. राजगोपालाचारी यांच्या हस्ते वसाहतीचं नाव उल्हासनगर झालं, तरी रिक्षावाल्याला पत्ता सांगताना अजूनही ‘कॅम्प तीन’, ‘कॅम्प चार’ असंच सांगावं लागतं. कुटुंबांनी बराकीत भिंती घातल्या, पुढे दुकान काढलं, वर मजला चढवला. आज एखाद्या गल्लीत उभं राहून यातली लष्कराची मूळ भिंत कोणती, असं विचारलं तर घरमालकालाही नेमकं सांगता येणार नाही.

जुनी मोटार घेणाऱ्यासमोर हाच प्रश्न असतो. समोरच्या गाडीत मूळ गाडी किती उरली आहे? किंमत त्या उत्तरावर ठरते. रंग किती चकचकीत आहे याला त्यामानाने फारच थोडं महत्त्व.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर हा पट्टा काही मोटारवाल्यांचा नव्हता. अंबरनाथला विमकोची काडेपेट्यांची फॅक्टरी, शस्त्रास्त्र कारखाना, 1953 मध्ये सुरू झालेली मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी. शहाडला सेंच्युरी रेयॉन. इथला माणूस सायकलने किंवा लोकलने कामावर जायचा आणि मोटार साहेबाची असायची. मात्र ज्या हातांनी मुंबईच्या जुन्या गाड्या पन्नास-साठ वर्षं चालत्या ठेवल्या, ते हात याच जातीचे: लेथवर बूश कापणारे, पत्रा ठोकणारे, बेअरिंगचा आवाज ऐकून दोष सांगणारे. जुन्या गाड्या चालत्या ठेवायची वेळ त्यांच्यावर कशी आली, हे कळल्याशिवाय इथल्या जुन्या गाडीची किंमत करता येत नाही.

1928 मध्ये जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला गाड्या जोडायला सुरुवात केली. सुटे भाग पेट्यांतून यायचे आणि इथे त्यांची शेवरोलेट व्हायची. फोर्डही मागोमाग आली. स्वातंत्र्यानंतर सरकारने धोरण बदललं. 1953 च्या टॅरिफ कमिशनच्या शिफारशीनंतर नुसत्या जोडणीला जागा उरली नाही. इथे बनवा, नाहीतर जा. दोन्ही अमेरिकी कंपन्यांनी गाशा गुंडाळला. त्यांच्या गाड्या मात्र रस्त्यावरच राहिल्या. आयातीवर बंधनं, परदेशी चलनाचा तुटवडा आणि कंपनीच गायब, मग 1938 च्या शेवरोलेटचा वॉटर पंप बिघडला की करायचं काय? तर मिस्त्रीने तो लेथवर बनवायचा. पिस्टन दुसऱ्या गाडीचा, कार्ब्युरेटर तिसऱ्या गाडीचा, डायनामो जो मिळेल तो. परदेशी संग्राहक अशी गाडी पाहून नाक मुरडतो, पण तो मिस्त्री नसता तर नाक मुरडायलाही गाडी उरली नसती.

त्याच काळात कुर्ल्यात दुसरी गोष्ट घडत होती. वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये स्थापन केलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स आधी डॉज, डिसोटो, प्लिमथ जोडायची. 1954 पासून इथे फियाट 1100 येऊ लागली. तिचं गोलमटोल रूप पाहून मुंबईने तिला ‘डुक्कर फियाट’ म्हटलं आणि ते नाव तिच्या सगळ्या अधिकृत नावांपेक्षा जास्त टिकलं. पुढे 1964 ची डिलाइट, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची प्रेसिडेंट आणि 1974 पासून प्रीमियर पद्मिनी. 1089 सीसीचं इंजिन, स्टिअरिंगला लागून असलेला गियरचा दांडा, पुढे बाकासारखी सलग सीट. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे अनेक वर्षं हीच.

तेव्हा किमतीचं गणितच उलटं होतं. नवीन फियाट नोंदवायची आणि वर्षानुवर्षं थांबायचं. ज्याचा नंबर लागला तो ती ‘ऑन’ने, म्हणजे वरचे पैसे घेऊन, विकून मोकळा व्हायचा. 1969 मध्ये सरकारने मोटारींच्या किमती आदेशाने ठरवल्या, तेव्हा प्रीमियर सर्वोच्च न्यायालयात गेली. वापरलेली गाडी नव्या गाडीपेक्षा महाग, असा प्रकार या देशाने पाहिला आहे. त्यामुळे इथे मोटार भंगारात काढायची पद्धतच नव्हती. इंजिन उतरवा, बोअर करा, पत्रा बदला, रंग मारा, पुन्हा चालवा. आज बाजारात येणाऱ्या साठ-सत्तरच्या दशकांतल्या बहुतेक फियाट अशा तीन-चार जन्मांतून गेलेल्या असतात.

म्हणून पहिलं बोट पत्र्यावर. फियाट 1100 ची बांधणी मोनोकॉक आहे. तिला वेगळी चासी नाही, बॉडी हाच सांगाडा. दाराखालची सिल, जॅक लावायची जागा, पायाखालचा पत्रा, बॅटरीचा ट्रे, डिकीतल्या स्टेपनीचा खळगा, यांतला एखादा भाग सडला असेल तर गाडीचं हाडच सडलं. विक्रेता तिथे लांबी, म्हणजे पुट्टी, भरून वर रंग मारतो. ओळखायची जुनी युक्ती अजून चालते: फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक पत्र्यावरून हळूहळू फिरवायचं. जिथे ते चिकटत नाही तिथे पत्रा नाही, नुसती लांबी आहे. मग दारं उघडून पाहायची. ती खाली ओघळत असतील, बंद करताना उचलावी लागत असतील, तर एक तर बिजागरी झिजली असेल किंवा सांगाडा वाकला असेल. बिजागरी स्वस्तात होते, सांगाडा होत नाही. युद्धापूर्वीच्या कित्येक गाड्यांमध्ये पत्र्याच्या आत लाकडाची चौकट असते. तिथे चुंबकाचा उपयोग नाही. दाराच्या कडेला नख रोवून आणि ठोकून आवाज ऐकावा लागतो.

बदलापूरकडची गाडी असेल तर आणखी एक तपासणी. 26 जुलै 2005 च्या पुराने हा सगळा पट्टा बुडवला. 27 जुलै 2019 ला बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना होड्यांनी बाहेर काढावं लागलं. रेल्वेगाडीची ही गत झाली, तिथे तळमजल्यावर उभ्या मोटारींचं काय झालं असेल? पुरातली गाडी धुऊन-पुसून वर्षभराने विकायला येते. मॅट उचलावी, सीटखालचे बोल्ट पाहावेत, हेडलाइटच्या वाटीत आणि वायरिंगच्या नळीत बारीक गाळ आहे का ते बघावं. उल्हास नदीचा गाळ सहजासहजी जागा सोडत नाही. नवीन सीटकव्हर, नवीन मॅट आणि छताला नवीन कापड, हे तिन्ही एकाच वेळी बदललेलं दिसलं तर संशय घ्यायला हरकत नाही.

इंजिन पाहायचं ते थंड असताना. ग्राहक यायच्या आधीच विक्रेत्याने गाडी गरम करून ठेवली असेल तर त्याला कारण असतं. सायलेन्सरमधून निळा धूर येत राहिला तर ऑइल जळतंय, काळा आला तर पेट्रोल जास्त जातंय, पांढरा धूर थांबतच नसेल तर पाणी आत शिरतंय. यातलं बरंचसं दुरुस्त होतं. फियाटच्या इंजिनाचे जाणकार अजून आहेत आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा ऑपेरा हाऊसच्या बाजारात शोधलं तर बरेच सुटे भाग मिळतात. जे मिळत नाही ते अंबरनाथच्या एमआयडीसीतली एखादी लेथची शेड बनवून देऊ शकते. म्हणूनच नुसतं इंजिन खराब म्हणून किंमत पाडणारा ग्राहक चुकीच्या जागी घासाघीस करतो. काच, दिव्याची मूळ भिंगं, डॅशबोर्डवरची घड्याळं, क्रोमच्या पट्ट्या, नावाची मूळ धातूची अक्षरं, हे नसेल तर खिशाला खरी कात्री लागते.

हीच वेळ नकलेच्या गोष्टीची. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद इथल्या लोकांनी इतक्या वेळा ऐकलाय की आता ते स्वतःच तो सांगतात. निर्वासितांनी शून्यातून उद्योग उभे केले, त्या जिद्दीचा उल्लेख मात्र विनोदात येत नाही. मोटारींमधल्या नकलेचं खापर एकट्या उल्हासनगरवर फोडायचं कारण नाही, ती देशभर होते. पद्मिनीला जुनी जाळी आणि जुने मागचे दिवे लावून ‘अडुसष्टची डिलाइट’ म्हणून उभी केली जाते. सुरुवातीच्या फियाटला पुढची दारं मागच्या कडेला बिजागरी असलेली, उलटी उघडणारी होती. डिलाइट येईपर्यंत ती पद्धत बंद झाली होती. त्यामुळे गाडी डिलाइटच्याही आधीची म्हणून विकली जात असेल तर दार उघडतं कसं, एवढ्यावरून निम्मी थाप उघडी पडते.

दुसरी थाप टॅक्सीची. शेवटची काळी-पिवळी पद्मिनी 29 ऑक्टोबर 2003 रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर ऑक्टोबर 2023 च्या अखेरीस रस्त्यावरून उतरली. त्यानंतर मुंबईकरांना पद्मिनीचा उमाळा आला आणि भाव चढले. खासगी म्हणून दाखवलेली गाडी आधी टॅक्सी होती का, हे डिकी सांगते. तिथे सीएनजीच्या टाकीची पकड बसवलेली भोकं असतात. दाराचं रबर सोलून पाहिलं तर खालचा काळा आणि पिवळा थर दिसतो. टॅक्सी असणं हा गुन्हा नाही; उलट उद्या एखादा संग्राहक मूळ मीटरसकट टॅक्सीला जास्त पैसे देईल. लपवणं हा गुन्हा.

जीपची कथा वेगळी. महिंद्राने 1947 मध्ये अमेरिकेहून 75 जीपचे सुटे भाग आणले आणि 1949 मध्ये माझगावला जोडणी सुरू केली. त्याआधी युद्धातल्या जीप लष्कराच्या लिलावांतून देशभर पसरल्या होत्या. आज विकायला निघालेली प्रत्येक जीप ‘वर्ल्ड वॉरची’ असते, निदान विकणाऱ्याच्या तोंडी. तपासायचं ते चासीवर. युद्धातल्या जीपपैकी विलिस एमबीचा पुढचा आडवा दांडा गोल नळीचा, फोर्ड जीपीडब्ल्यूचा चौकोनी घडणीचा. फोर्ड तर बोल्टच्या डोक्यावरही ‘एफ’ अक्षर उमटवायची. विलिसचा नंबर चासीच्या डाव्या पट्टीवर आतून ठोकलेल्या पत्रीवर, फोर्डचा थेट पट्टीच्या वरच्या बाजूला. बॉनेट उंच असेल तर ती नंतरची सीजे-3बी, आणि युद्धाशी तिचा संबंध नाही. जीपला स्वतंत्र चासी असल्यामुळे बॉडी सडली तरी नवी बसवता येते. फियाटसारखा जीव तिथे अडकलेला नसतो. मूळ 60 अश्वशक्तीचं पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवलेल्या जीप महाराष्ट्रात ढिगाने आहेत. शेतावर ती सोय होती. संग्राहकाच्या लेखी मात्र निम्मी किंमत तिथेच गेली.

आणि कागद. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार इंजिन बदललं तर त्याची नोंद आरसीवर हवी. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मूळ बनावटीच्या तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत, असं स्पष्ट केलं. कल्याणच्या एमएच-05 मध्ये नोंद करायला नेलेल्या गाडीचा चासी नंबर आणि आरसीवरचा नंबर यांत एका आकड्याचा फरक निघाला तरी व्यवहार अडकतो. नंबर कधी गंजतो, कधी रंगाखाली जातो, कधी मुद्दाम घासलेला असतो. म्हणून रंग थोडा खरवडून पाहू द्यायला नकार देणाऱ्याकडून गाडी घेऊ नये. जुना बीएम, एमआर किंवा एमएम मालिकेतला नंबर तसाच राहिला असेल तर तो गाडीचा दागिना.

जुलै 2021 पासून केंद्राच्या नियमांत ‘व्हिंटेज’ला व्याख्या मिळाली. पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं झालेली, चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार न केलेली दुचाकी किंवा चारचाकी. नव्या नोंदणीला 20,000 रुपये, दहा वर्षांची मुदत, पाटीवर ‘व्हीए’ ही अक्षरं, आणि रोजच्या किंवा धंद्याच्या वापराला बंदी. ज्यांची नोंद आधीच आहे त्यांना जुना नंबर ठेवता येतो. म्हणजे 1974-75 ची पद्मिनी आता या रेषेपाशी आली. फेरफार नसावा ही अट मात्र तीन जन्म घेतलेल्या गाड्यांना जड जाते. फिवा ही जुन्या वाहनांची आंतरराष्ट्रीय संघटना 30 वर्षांचीच अट घालते, आणि तिच्या 2012 च्या ट्यूरिन सनदेत नव्याने घडवण्यापेक्षा आहे ते जपण्यावर भर आहे. फियाटचं जन्मगावही ट्यूरिनच.

फिवाची ती तीस वर्षांची अट कल्याणजवळ बनलेल्या एका गाडीला आता लागू पडू लागली आहे. प्रीमियरने प्यूजोशी भागीदारी करून 1994 पासून कल्याणच्या कारखान्यात प्यूजो 309 काढली, आणि तीन-चार वर्षांत तो सगळा प्रकार आटोपला. गाडी कमी बनली, त्यातल्या टिकल्या त्याहून कमी, आणि पद्मिनीसारखा तिचा कोणाला उमाळा येत नाही, म्हणून अजून स्वस्तात मिळते. घ्यायची तर आधी पुढची काच, मागचे दिवे आणि दारांची रबरं शाबूत आहेत का ते पाहावं. इंजिनाची चौकशी नंतर केली तरी चालेल.