लाखेची डाळ आणि ताठरलेले पाय

१/ पूर्व विदर्भात धानामागून पेरली जाणारी लाख, म्हणजेच लाखोळी, एका जुन्या शोकांतिकेची साक्षीदार आहे. १८१८ पर्यंत मराठ्यांच्या अमलात असलेल्या सागर प्रांतात १८२९ पासून सलग तीन वर्षे गहू बुडाला. लाख तेवढी तगली. गरिबांनी तिच्यावरच दिवस काढले.

२/ १८३३ च्या सुमारास तिशीच्या आतील माणसांचे पाय निकामी होऊ लागले. विल्यम स्लीमन यांच्या १८४४ च्या ग्रंथात ही नोंद आढळते. या व्याधीत पाय लुळे पडत नाहीत, ताठरतात. असे का?

३/ स्नायूंत चातीच्या आकाराचे सूक्ष्म संवेदक असतात. स्नायू ताणला की वेगवान चेतातंतू ती वार्ता मेरुरज्जूत नेतात आणि तेथूनच त्या स्नायूला आकुंचनाची आज्ञा सुटते. गुडघ्याखाली हातोडी लागताच पाय उडतो, तो यामुळेच. मेंदूची अनुमती लागत नाही. मात्र लगाम मेंदूच्याच हाती असतो.

४/ शेरिंग्टन यांनी हे संवेदक १८९४ मध्ये सिद्ध केले. लिडेल यांच्यासह या प्रतिक्षिप्त क्रियेचे विवरण १९२४ मध्ये मांडले.

५/ लाखेतील विष भारतीय संशोधकांनी १९६४ मध्ये ओळखले. मेंदूकडून मेरुरज्जूत उतरणारे तंतू या व्याधीत झिजतात. लगाम सुटतो; किंचित ताणालाही स्नायू आवळतात.

६/ इतर धान्यांसोबत अधूनमधून खाल्लेली लाख सहसा असा घात करत नाही. महिनोन्महिने तीच खावी लागणे घातक ठरते. म्हणून दुष्काळाचा इतिहास वाचताना मृतांबरोबरच, जगले पण पुन्हा नीट चालू शकले नाहीत, त्यांचीही आठवण ठेवावी.