प्लेटीवाचून सॉकेट

आपण ज्या खोलीत बसून हे वाचत आहात, तिच्या भिंतीकडे एकदा पाहा. कुठेतरी विजेचं सॉकेट असेल, आणि त्याच्या भोवती प्लास्टिकची एक चौकोनी प्लेट. इस्त्री लावताना, मोबाइलचा चार्जर लावताना आपला हात रोज तिला लागतो. पण मळली तर पुसायची, एवढाच आपला तिच्याशी संबंध. अलीकडे मात्र काही नव्या, हौसेने सजविलेल्या घरांतून ही प्लेट नाहीशी होऊ लागली आहे. सॉकेट थेट गिलाव्यात बसवितात, भोवती पुट्टी ओढून ती घासून गुळगुळीत करतात आणि वरून रंग देतात. भिंतीत पिनांची भोकं तेवढी दिसतात. दिसायला हे मोठं सुबक आहे, यात शंका नाही. मग बिघडलं कुठे? ते समजून घ्यायचं तर ही प्लेट मुळात भिंतीवर आली कशासाठी, हे पाहिलं पाहिजे.

वीज घरात आली ती दिव्यापुरती. 1882 साली एडिसनने न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर आपलं वीजकेंद्र सुरू केलं, आणि त्याच साली आपल्या मुंबईत क्रॉफर्ड मार्केटात विजेचे दिवे लागले. त्या काळी भिंतीत सॉकेट नव्हतंच. इस्त्री किंवा पंखा लावायचा तर दिवा काढायचा आणि त्याच्या होल्डरमध्ये वायरीचं टोक फिरवून बसवायचं. 1904 साली हार्वे हबेल नावाच्या अमेरिकन कारखानदाराने ह्यावर तोड काढली. होल्डरमध्ये फिरवायचा भाग एक, आणि त्यात सरळ खुपसून सरळ ओढून काढता येईल अशी पिन दुसरी. आज आपण जी पिन सहज लावतो-काढतो, तिचा वंश ह्या युक्तीपर्यंत जातो.

मुंबईत 1905 साली बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी निघाली, 1907 साली विजेची ट्राम धावली, आणि 1915 साली टाटांच्या खोपोलीच्या केंद्रातून मुंबईला जलविद्युत मिळू लागली. हळूहळू वीज चाळींत आणि वाड्यांत शिरली. ते फिटिंग ज्यांनी पाहिलं आहे त्यांना आठवत असेल. भिंतीत लाकडी गट्टू ठोकायचे, त्यांवर सागवानी केसिंग बसवायचं, त्याच्या खाचांतून वायरी न्यायच्या आणि वर कॅपिंगची पट्टी मारायची. पुढे नुसत्या बॅटनपट्टीवर क्लिपांनी वायर आवळू लागले. लाकडी बोर्डावर काळे बॅकेलाइटचे स्विच. सारा कारभार उघडा! त्यात धूळ साचे, कोळिष्टकं होत, लाकडाला वाळवी लागे, क्वचित ते पेटही घेई. पण एक सोय होती. वायरमन आला की नजरेनेच वायरीचा माग काढी, आणि दोष सापडला की चार स्क्रू काढून दुरुस्त करी.

मग वायरी भिंतीच्या आत गेल्या. भिंतीला खाच पाडून नळी घालायची, सॉकेटच्या जागी लोखंडी पेटी पुरायची, आणि वरून गिलावा करायचा. इथे दोन कारागिरांची गाठ पडली. वायरमनची पेटी मापाची असते. गवंड्याचा गिलावा कुठे जाड, कुठे पातळ. दोन्हींच्या मध्ये फट राहायचीच. ती फट झाकायला प्लेट आली. सुताराने दाराची चौकट आणि भिंत ह्यांच्या सांध्यावर पट्टी मारावी, तसाच हा प्रकार.

पण ह्या प्लेटीकडे हळूहळू आणखी कामं आली. जिवंत टोकांपर्यंत बोट जाऊ नये, आत ठिणगी उडाली तर ती बाहेर येऊ नये, हे तिने पाहायचं. अमेरिकेची विद्युत-संहिता ह्या बाबतीत फार काटेकोर आहे. पेटीभोवतीची फट अष्टमांश इंचाहून अधिक नको, न जळणाऱ्या भिंतीत पेटी पाव इंचाहून अधिक आत नको, आणि प्लेटीने भोक पूर्ण झाकलं पाहिजे, असे तिचे नियम आहेत. तिकडच्या घरांच्या भिंती पुष्कळदा लाकडी सांगाड्याच्या असतात, म्हणून ही दक्षता.

इंग्लंडातली हकिकतही ऐकण्यासारखी आहे. दुसऱ्या महायुद्धात पडलेली घरं पुन्हा उभारताना वीज कशी द्यावी, ह्याचा विचार करायला तिथे एक समिती बसली. तीत कॅरोलिन हॅस्लेट ही एकच स्त्री होती. समितीचा अहवाल 1944 साली निघाला आणि त्यातून 1947 साली ब्रिटिश सॉकेटचं नवं मानक आलं. लहान मुलाने भोकात खिळा घातला तर काय, ह्याचा विचार त्यात आहे. पिन नसेल तेव्हा भोकं आतल्या पडद्याने बंद राहतात. आपल्याकडे मात्र 1934 सालच्या जुन्या ब्रिटिश मानकातल्या गोल पिनांचीच परंपरा चालत राहिली. सांगायचा मुद्दा असा, की सॉकेटचा आकार हात, मूल आणि अपघात ह्यांचा विचार करीत घडत गेला.

आता प्लेट काढली की काय होतं? सॉकेट ही झिजणारी वस्तू आहे. आतली पितळी पानं सैल होतात, पिन डगमगते, ठिणग्या उडतात, आणि एक दिवस ते बदलावं लागतं. प्लेट असली तर हे पंधरा मिनिटांचं काम. प्लेट नसली तर बहुधा पुट्टी फोडणं आलं, म्हणजे गवंडी आला, त्याच्या मागून रंगारी आला. काही कारखानदार आतला भाग पुढून काढता येईल अशी सोय करतात, हे खरं. पण नवा भाग त्याच कंपनीचा आणि त्याच मापाचा हवा. दहा वर्षांनी तो मिळेलच, ह्याची हमी कोण देणार?

दुसरी अडचण मिलिमीटरांची आहे. सॉकेट पुट्टीच्या पातळीला तंतोतंत बसलं पाहिजे. थोडं आत राहिलं तर जाड बुडाचा चार्जर भिंतीला अडतो आणि पिन अर्धवटच शिरते. अर्धवट शिरलेली पिन तापते, आणि तापलेल्या पिनेतूनच आगीची सुरुवात होऊ शकते. एरवी ही चूक प्लेट आणि तिचे स्क्रू सांभाळून घेतात.

शिवाय रोजचा त्रास वेगळाच. पिन ओढताना हात टेकतो तो नाजूक पुट्टीवर. तिच्या कडा उडतात, केसासारख्या भेगा पडतात. प्लेट ओल्या फडक्याने पुसता येत नाही असं नाही, पण रंगावरचा मळका डाग पुसायला जाल तर रंगच निघतो! दिवाळीला रंग काढायचा म्हटलं की प्लेटीचे दोन स्क्रू सैल करून ती बाजूला ठेवता येते. इथे मात्र रंगाचे ओघळ भोकांत जाऊ नयेत म्हणून जपत बसायचं. आणि कोकणातल्या घरांत, जिथे चार महिने भिंती ओल धरतात आणि पुट्टीला पोपडे सुटतात, तिथे ह्या गुळगुळीतपणाचं काय होईल, हे वाचकांनीच ताडावं.

भिंत निर्मळ असावी, तिच्यावर फालतू नक्षी नको, हा आग्रह विसाव्या शतकाच्या आरंभी व्हिएन्नाच्या अॅडॉल्फ लूस ह्या वास्तुशिल्पकाराने जोराने मांडला. त्यात पुष्कळ तथ्यही आहे. परंतु सॉकेटची प्लेट ही नक्षी नव्हे. वीज आणि चुना ह्यांच्या सीमेवर उभी असलेली ती राखणदार आहे, आणि दुरुस्तीचं दारही तीच.

घराचा नकाशा ठरविणारा पुष्कळदा त्या घरात राहत नाही. सॉकेट बिघडतं तेव्हा तिथे भाडेकरू असतो, दुसरा मालक असतो, नाहीतर एकटी राहणारी एखादी म्हातारी असते. म्हणून आपण नवं घर बांधत असाल आणि कुणी बिनप्लेटीचं सॉकेट सुचवलं, तर त्याला एवढंच विचारा: हे बदलायचं झालं तर कोणाला बोलवायचं, काय फोडायचं, आणि तोवर घरातली मुलं कुठे खेळायची? ह्या तिन्हींचं समाधानकारक उत्तर मिळालं तर खुशाल बसवा. नाहीतर ती साधी चौकोनी प्लेटच बरी.