तळं होतं, तरी भूक का?

या भागात आपल्याच सोलापूरची गोष्ट.

तुळजापूर रोडला हिप्परग्याचं तळं लागतं. फोटो काढायला आपण सगळेच तिथं थांबलोय. त्याचं जुनं नाव एकरूख तलाव. पाऊस बेभरवशाचा, म्हणून इंग्रजांनी अधिला नदीवर बांध घातला. १८७१ मध्ये काम पूर्ण झालं.

पाचच वर्षांनी, १८७६ मध्ये, दख्खनचा भीषण दुष्काळ पडला. तळं असूनही सोलापूर जिल्हा होरपळला. असं का?

एक तर तळ्याचं पाणी थोड्याच शेतांना मिळत होतं. पण दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. विणकराचं बघा. त्याचं पीक जळलं नव्हतं, कारण त्याला शेतच नव्हतं. पण ज्वारी महागली की लोक आधी लुगडं घ्यायचं थांबवतात. माग बंद, मजुरी बंद. मग बाजारात धान्य असलं तरी घ्यायचं कशानं?

सरकारनं दुष्काळी कामं काढली खरी, पण १८७७ मध्ये रिचर्ड टेंपल यांच्या धोरणानं मजुरी कापली: साधारण अर्धा किलो धान्याची किंमत आणि वर किरकोळ पैसे. मजुरांनी कामं सोडली. पुण्याच्या सार्वजनिक सभेनं त्यांची बाजू मांडली.

आता १९७२. तेव्हा माझी आजी बार्शीकडं खडी फोडायला जायची. ती अजून सांगते, "सुकडी खाल्ली, मिलो खाल्ला, पण हप्ता हातात पडायचा बाबा." मे १९७३ मध्ये राज्यात अशा कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. वि. स. पागे यांनी लावून धरलेल्या रोजगार हमीचा १९७७ मध्ये कायदा झाला. काम मागणं हा हक्क ठरला. पुढं २००५ मध्ये देशानंही तसा कायदा केला.

मी सॉफ्टवेअरवाला. आमच्यात बॅकअप सर्व्हर पडायच्या आधी घेतात. दुष्काळातली मजुरी हा गरिबाचा बॅकअप.

आणि आता फक्त दुष्काळ नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये याच जिल्ह्यात सीनेला महापूर आला. हवामान बदलतंय, तर धरणं, बंधारे हवेतच. पण पाऊस चुकला किंवा जास्त झाला, तर त्या महिन्यात मजुराच्या हातात पैसे कुठून येणार, हेही आधीच ठरलेलं हवं.

तुमच्या आजीला बहात्तरचं विचारा, आणि व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात!