खडकाचे दप्तर

मराठवाड्यातील लोहारा तालुक्याच्या माळावर हातदोन हात काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि मुरुमाखाली काळा कातळ, असा जमिनीचा क्रम आहे. आणि त्या कातळात पाणी कोठे दडले आहे हे सांगण्याचा व्यवसाय येथे तगाईच्या अर्जांहूनही जुना आहे. निजामाच्या अमलात विहिरीची आणि तिच्याखालच्या बागायतीची नोंद जमाबंदीच्या कागदांत होई, कारण सरकारी आकार तिच्यावर ठरे. पण ती विहीर कोणाच्या सांगण्यावरून आणि कोणती खूण पाहून खोदली, याचा मजकूर त्या कागदांत येत नसे.

पाण्याची जागा सांगणारा तो पाणाड्या. दुबेळक्याची काडी किंवा तळहातावरचा नारळ घेऊन तो शेतभर फिरे, आणि काडी खाली वळली की तेथे चुना टाकी. नारळाचे समर्थन मी करणार नाही. परंतु उन्हाळ्यातही हिरवे राहणारे उंबर, वारुळाची जागा, ओढ्याची वळणे हे सारे तो आधीच नजरेखालून घालीत असे, आणि या खुणांची परंपरा थेट वराहमिहिराच्या बृहत्संहितेतील दकार्गल प्रकरणापर्यंत जाते, म्हणून त्याची सारी विद्या भोंदूपणात जमा करणे मला अन्यायाचे वाटते. तिची उणीव वेगळीच होती. पाणी लागले तर त्याचा लौकिक वाढे, न लागले तर शेतकऱ्याचे नशीब खोटे ठरे, आणि कोरड्या गेलेल्या खड्ड्यापासून पुढच्या माणसाने शिकावे असे काहीच मागे उरत नसे.

१९७२ च्या दुष्काळाने हा मुलूख होरपळला आणि पहार-सुरुंगांच्या जागी यंत्र आले. त्याच वर्षी राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा उभी राहिली. जालना आणि सोलापूर येथे सुधारलेल्या हातपंपांच्या घडणीवरूनच पुढे देशभर गेलेला ‘इंडिया मार्क दोन’ सिद्ध झाला, ही गोष्ट मराठवाड्याने अभिमानाने सांगावी अशी आहे. मागाहून खाजगी बोअरच्या गाड्या आल्या, आणि त्यांतील कित्येक थेट तमिळनाडूतील तिरुचेंगोड्याहून. रात्रभर कॉम्प्रेसर गर्जत असतो. भोकातून करडी भुकटी उसळते. यंत्रावरचा माणूस ती ओंजळीत धरून बोटांनी चोळतो, तांबडी आली की दोन लाव्हाथरांमधला मातीचा पट्टा लागला हे ओळखतो, ओलसर आली की मालकाकडे पाहून मान हलवतो. हा खरा जाणकार. परंतु त्याचे हिशेब फुटांचे आणि केसिंगचे, आणि पहाटे गाडी दुसऱ्या शिवाराला लागते.

खनिज तेलाच्या धंद्यात हीच ओंजळ मोठ्या शास्त्राचे मूळ ठरली. १८५९ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतील टायटसव्हिल येथे ड्रेक याने खोदवलेल्या विहिरीत सुमारे ७० फुटांवर तेल लागले. ती खोदणारा बिली स्मिथ मिठाच्या विहिरी पाडणारा आणि जातिवंत लोहारकाम करणारा कारागीर होता, आणि लोहारा नावाच्या गावाविषयी लिहिताना ही गोष्ट मला विशेष जिव्हाळ्याची वाटते. त्या कारागिराच्या परंपरेतूनच पुढे वेधनाचा सल्लागार हा स्वतंत्र पेशा झाला: वर्षानुवर्षे मनोऱ्यावर पाइपांशी झुंजून वर आलेला, तेल कंपनीच्या वतीने यंत्राच्या ठेकेदाराजवळ उभा राहणारा आणि कोठे थांबावे हे सांगणारा माणूस. त्याचा अधिकार रोजनिशीवर उभा असतो. चिखलाबरोबर वर आलेला प्रत्येक टप्प्याचा चुरा धुऊन, वाळवून, खोली लिहून पिशवीत ठेवतात. कोरडी विहीरही अशी दप्तरात जगते. १९७४ च्या फेब्रुवारीत ‘सागर सम्राट’ या वेधन-जहाजाने मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर समुद्रात तेल शोधले, तेव्हा ते चुनखडीच्या थरांत मिळाले, आणि त्या सागरी खोऱ्याचा तळ बऱ्याच भागात याच दख्खनच्या काळ्या पाषाणाचा आहे. जो खडक लोहाऱ्यात नांगराला आडवा येतो, तोच तेथे तेलथरांच्या खाली अंथरलेला आहे.

लोहाऱ्याच्या पोटातला दाखला मात्र एका आपत्तीनंतरच लिहिला गेला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतर, तेरणाकाठ भूकंपाने हादरला. या तालुक्यातील सास्तूर, शेजारचे किल्लारी आणि आसपासची गावे दगडमातीच्या भिंतींखाली गाडली गेली, हजारो माणसे गेली. त्यानंतर संशोधकांनी किल्लारीजवळ ६१७ मीटरचे वेधन केले. ३३८ मीटर काळा पाषाण, त्याखाली अवघा आठ मीटरचा गाळाचा थर, आणि मग अतिप्राचीन स्फटिकमय पाया, असा क्रम निघाला. म्हणजे पाचशे-सातशे फुटांवर हात टेकणारी आमची बोअर त्या पाषाणाच्या पोटातच संपते. एवढे ज्ञान एका भोकाने दिले, आणि शेकडो भोके भोवतीच्या शिवारांत नोंदीवाचून पाडली गेली, ही हानी मला कोरड्या विहिरीपेक्षा मोठी वाटते. सातबाऱ्यावर ‘विंधन विहीर’ हा शब्द चढतो; कितव्या फुटाला कोणता खडक लागला, यास त्यात रकाना नाही.

बोअर कोरडी गेली की पाइपच्या तोंडावर दगड ठेवतात. भोवतालच्या तुरीच्या पानांवर करडी भुकटी बसलेली असते, बांधाशी तिचा ढीग असतो, आणि मृगाच्या पहिल्या सरीबरोबर ती ओढ्याला लागते.