घरगुती वायुवीजनातील ऊर्जेची पुनःप्राप्ती : एक ऐतिहासिक टिपण

घरातील दूषित हवा बाहेर टाकावयाची, परंतु तिच्यातील उष्णता मात्र आत येणाऱ्या ताज्या हवेच्या स्वाधीन करावयाची, हे ऊर्जा-पुनःप्राप्ती वायुवीजन यंत्राचे कार्य होय. या यंत्राचा इतिहास एका पेटीच्या शोधाचा इतिहास म्हणून सांगता येईल. तथापि तो वस्तुतः घराच्या बदललेल्या बांधणीचा इतिहास आहे, आणि म्हणूनच यंत्राची जुळणी ही त्यातील गौण बाब नव्हे, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

खोलीतील हवेत कार्बन डाय-ऑक्साइडचे प्रमाण हजारांत एक भागापेक्षा अधिक असू नये, असा दंडक जर्मन आरोग्यशास्त्रज्ञ माक्स फोन पेटेनकोफर याने 1858 मध्ये घालून दिला. विटांच्या भिंतींतूनही बरीच हवा ये-जा करते, अशी त्याची समजूत होती. ती पुढे टिकली नाही. परंतु जुनी घरे फटींवाटे श्वास घेत, हे खरेच होते. या श्वासाची खरी किंमत 1973 च्या तेलटंचाईने थंड देशांतील लोकांच्या ध्यानी आणून दिली.

कॅनडातील रिजायना येथे 1977 मध्ये जे प्रायोगिक घर बांधण्यात आले, त्यात हॅरल्ड ऑर, रॉबर्ट बेझंट, रॉबर्ट ड्यूमाँट प्रभृती संशोधकांचा वाटा होता. जाड उष्णतारोधक भिंती आणि प्लॅस्टिकचे अखंड आवरण यांमुळे फटी बुजल्या. परिणामी ताज्या हवेसाठी स्वतंत्र योजना करणे प्राप्त झाले. पातळ पडद्यांनी विभागलेले दोन प्रवाह एकमेकांत न मिसळता उष्णतेची देवघेव करतील, असे यंत्र तेथे बसविण्यात आले.

तत्पूर्वीच, 1970 मध्ये, जपानमध्ये मित्सुबिशी इलेक्ट्रिकने कागदी पडद्यांचे यंत्र बाजारात आणले होते. कागदातून उष्णतेबरोबरच बाष्पही पलीकडे जाते. त्यामुळे दमट उन्हाळ्यात बाहेरील आर्द्रतेचा काही अंश बाहेरच परततो, तर कोरड्या हिवाळ्यात घरातील ओलावा काही प्रमाणात टिकतो. ‘उष्णता-पुनःप्राप्ती’ आणि ‘ऊर्जा-पुनःप्राप्ती’ या संज्ञांतील भेद नेमका हाच : दुसरीत बाष्पातील अप्रकट उष्णतेचाही समावेश होतो. त्या यंत्राचे ‘लॉसनाय’ हे नावही भाषाभ्यासकाने लक्षात घेण्याजोगे आहे. इंग्रजी ‘लॉस’ आणि जपानी नकारवाचक ‘नाय’ यांचा तो संकर असून ‘तोटा नाही’ असा त्याचा भाव आहे.

परंतु तोटा न होणे हे केवळ यंत्रावर अवलंबून नाही. स्नानगृहादी दमट जागांतील हवा बाहेर काढावी, शयनगृहात व बैठकीत ताजी हवा सोडावी, आणि हवा घेण्याचे तोंड ती सोडण्याच्या तोंडापासून पुरेसे दूर असावे, हे मांडणीचे प्राथमिक नियम होत. याहूनही महत्त्वाचे म्हणजे दोन्ही प्रवाह मोजून समतोल करणे. बाहेर जाणारी हवा अधिक झाल्यास उरलेल्या फटींतून थंड हवा यंत्राला वगळून आत शिरते, आणि प्रसंगी भट्टीचा विषारी धूरही धुराड्यातून घरात ओढला जातो. उलट, आत येणारी हवा अधिक झाल्यास हिवाळ्यात घरातील दमट हवा भिंतींत रेटली जाऊन तेथे पाणी साचते व लाकूड कुजते.

सारांश, जे काम पूर्वी फटी अजाणता करीत, ते आता मनुष्याने जाणतेपणी अंगावर घेतले आहे. घर हवाबंद करणाऱ्याने त्याच्या श्वासाचीही जबाबदारी पत्करली पाहिजे, हाच या इतिहासाचा निष्कर्ष होय.