जुहूची होव्हरक्राफ्ट कुठे गेली?

जुहू ते गिरगाव चौपाटी, तेही समुद्रातून. गंमत नाही, १९९४ मध्ये अशी होव्हरक्राफ्ट सेवा खरंच सुरू झाली होती. हवेच्या उशीवर तरंगत ती पाण्यातून सरळ वाळूवर चढायची. १९९९ मध्ये खेळ खल्लास! का? जलवाहतुकीच्या पुरेशा सोयीच नव्हत्या. आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत, डेमो भारी, पण सर्व्हरच नाही.

आता २०२० ची भाऊचा धक्का–मांडवा रो-रो बघा. आधी टर्मिनल, मांडव्याला लाटा अडवणारा बांध, मग बोट. ती हवामान बरं असेल तर पावसाळ्यातही धावते.

आणि आपलं वर्सोवा–मढ? होडीने काही मिनिटं, रस्त्याने मालाडवरून भलामोठा वळसा. तिथे नवी बोट जरूर आणा, पण आधी धक्का नीट बांधा!